आऊटसोर्सिंग आणि ऑफशोअरिंग: दोन शब्द, दोन वेगळे प्रश्न

अमेरिकेत निवडणूक आली की "आमच्या नोकऱ्या आऊटसोर्स केल्या" हे ऐकायला मिळतंच, आणि इकडे हिंजवडीत काम करणारी आपली मंडळी पण सगळ्याला तोच एक शब्द लावतात. खरं तर यात दोन प्रश्न आहेत, काम कोण करणार हा एक आणि कुठे करणार हा दुसरा. काम बाहेरच्या कंपनीला दिलं की आऊटसोर्सिंग, मग ती कंपनी शेजारच्या गल्लीतली का असेना. काम देशाबाहेर नेलं की ऑफशोअरिंग, मग तिथे ते स्वतःचीच माणसं का करत असेनात.

आपल्या ऑफिसच्या गेटवरचा सिक्युरिटी गार्ड बघा. वर्षानुवर्षं तिथेच उभा असतो, पण पगार करते एजन्सी, आणि पीएफचं विचारायला गेला की त्याला एजन्सीकडेच पाठवतात. हे पक्कं आऊटसोर्सिंग, परदेशाचा काही संबंध नाही.

याच्या उलट कॅरियर, एसी आणि फर्नेस बनवणारी कंपनी. फेब्रुवारी २०१६ मध्ये इंडियानापोलिसच्या कारखान्यात कामगारांना एकत्र बोलावून सांगितलं की इथलं काम मेक्सिकोत मॉन्टेरीला जाणार, साधारण १,४०० नोकऱ्यांचा प्रश्न होता, कुणीतरी मोबाईलवर ते शूट केलं आणि ट्रम्प यांनी प्रचारात तो विषय लावून धरला. आता बघा, काम कुठल्या कंत्राटदाराला दिलेलं नव्हतं, कंपनी स्वतःच जात होती. म्हणजे ऑफशोअरिंग झालं, आऊटसोर्सिंग नाही. पुढे इंडियाना राज्याने ७० लाख डॉलरच्या सवलती दिल्या, काही नोकऱ्या राहिल्या पण सगळ्या नाही.

आणि डिस्नीचं एकदम तिसरंच. २०१५ च्या सुरुवातीला ऑर्लंडोत जवळपास २५० आयटीवाल्यांना काढलं, त्यातल्या बऱ्याच जणांचं काम एका भारतीय आऊटसोर्सिंग कंपनीने एच-१बी, म्हणजे अमेरिकेच्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आणलेल्या लोकांकडे गेलं. काम फ्लोरिडातच राहिलं, माणूस बदलला, आणि जाणाऱ्यांनीच येणाऱ्यांना शिकवून जायचं होतं.

या शिकवण्याला आपल्याकडे केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, म्हणतात. मी पण पूर्वी पुण्यात बसून अशी केटी घेतली आहे. अमेरिकेतल्या ओहायोचा एक माणूस, रोज रात्री साडेआठला कॉल, वीस वर्षं त्याने सांभाळलेली सिस्टीम तो मला स्क्रीनवर एकेक करून दाखवायचा. एकदा मध्येच थांबून म्हणाला, हे जॉब, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, रविवारी रात्री अडकतात, तेव्हा लॉग आधी बघ, घाबरू नको. त्याची नोकरी पुढच्या महिन्यात जाणार होती आणि त्याला माझी काळजी. ते मला अजून टोचतं.

पैसे कुठे वाचतात तेही वेगळं आहे. आऊटसोर्सिंगमध्ये जबाबदारी अंगावेगळी होते, माणसं नकोशी झाली की फक्त काँट्रॅक्ट संपवायचं, मग व्हेंडरकडचा, म्हणजे त्या बाहेरच्या कंपनीतला, पोरगा बेंचवर, हाताला काम नाही. ऑफशोअरिंगमध्ये मुख्य बचत पगारातल्या फरकाची. दोन्ही एकत्र केलं की दुप्पट फायदा, म्हणूनच आपल्या आयटी सर्व्हिस कंपन्या वाढल्या आणि म्हणूनच लोकांना दोन्ही एकच वाटायला लागलं.

२०१२ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार रॉम्नी यांच्या जुन्या गुंतवणूक कंपनीने, बेन कॅपिटलने, नोकऱ्या परदेशी नेणाऱ्या कंपन्यांत पैसे घातले अशी वॉशिंग्टन पोस्टने बातमी केली तेव्हा त्यांच्या प्रचारवाल्यांनी हाच फरक पुढे केला. लोकांनी त्यांची टिंगल केली, साहजिक आहे, नोकरी गेलेल्याला व्याख्या ऐकवून काय होणार. पण कायदा करायला बसलात तर हा फरक लागतोच.

कारण आता बघा, सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची फी लावली. मार बसतो ऑनसाईट, म्हणजे अमेरिकेत क्लायंटकडे, जायची वाट बघणाऱ्यांना आणि त्यांना पाठवणाऱ्या कंपन्यांना. पण परदेशी, त्यातही बऱ्याचशा अमेरिकन, कंपन्यांची स्वतःची सेंटर्स, ज्यांना आता जीसीसी (ग्लोबल कॅपॅबिलिटी सेंटर) म्हणतात, तशी भारतात २०२४ पर्यंतच १,७०० च्या वर झाली होती, एकूण १९ लाखांच्या आसपास माणसं. खराडीत तसल्या सेंटरमध्ये बसून तेच काम करणाऱ्याला व्हिसाच लागत नाही, तो त्याच कंपनीचा बॅज घालतो, आणि ओहायोतली खुर्ची तरीही रिकामी होते.