किल्लारी भूकंप आणि माळवदाची घरे

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमाभागात झालेला भूकंप. केंद्र किल्लारीजवळ, तीव्रता ६.२. सुमारे आठ ते दहा हजार माणसे दगावली. भूकंपाचा धोका वेगळा आणि त्यापुढे माणसांची आपत्तिप्रवणता (आपत्तीत किती हानी होईल हे ठरवणारी कमजोरी) वेगळी, हे दाखवणारे याहून बोलके उदाहरण महाराष्ट्रात नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जवळपास याच ताकदीचा, तोही पहाटेचाच. तेथे बळी दोनशेच्या आसपास होते. कोयनेच्या डोंगरदऱ्यांत वस्ती विरळ. किल्लारी-सास्तूर भागात गावे दाटीची, गल्ल्या अरुंद आणि घरे माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची.

या घरांच्या काळ्या दगडाच्या भिंती दोन-अडीच फूट किंवा त्याहून जाड, चिखलात बांधलेल्या. आतून-बाहेरून दगडांचे दोन थर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना जखडणारा आरपार दगड सहसा नसे. वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचे माळवद. गळती थांबावी म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर नवी माती टाकायची. छताचे वजन वर्षागणिक वाढत जाई. यात अडाणीपणा नव्हता. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हेच घर गार राहते. त्या पहाटे मात्र भिंती पोटातून फुटून दोन्हीकडे ढासळल्या, माळवद खाली आले आणि अनेकजण मातीखाली गुदमरले. कुडाच्या, गवताच्या झोपड्या बऱ्याच तगल्या. एरवी आपत्तीत गरीब आधी भरडला जातो; येथे दगडी घराची ऐपतच अंगावर आली.

आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून दमलेली गावे गाढ झोपेत होती. ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारीला धक्के बसले होते, पण भूकंपाच्या धोक्याच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्या आधारावर घरे कोण बदलणार? पुढे २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात गेला.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. दगडाचा धसका इतका बसला होता की, पडलेल्या घराचे दगड नव्या भिंतीत लावायला लोक धजत नव्हते. नव्या घरांचे स्लॅब उन्हाळ्यात तापतात, अशी तक्रारही मग आली.