प्रीमियरची टाइमलाइन आणि आफ्टर इफेक्ट्सची टाइमलाइन

सांगलीत एडिटिंगला अजूनही ‘मिक्सिंग’ म्हणतात. लग्नाचं शूटिंग संपलं की कार्ड मिक्सिंगला येतं. मी हे काम आधी एडियस आणि मग प्रीमियर प्रो या व्हिडिओ कापून जोडायच्या सॉफ्टवेअरवर शिकलो. कंट्रोल-के दाबून क्लिप कापायची बोटांना इतकी सवय की तिकडे लक्षही जात नाही. मग मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीची १५ सेकंदांची जाहिरात आली. शेवटी लोगो फिरत यायला हवा होता, म्हणून आफ्टर इफेक्ट्स, म्हणजे चित्रं-अक्षरं हलती करायचं सॉफ्टवेअर, उघडलं. क्लिप कापायला कंट्रोल-के दाबलं, तर कॉम्पोझिशन सेटिंग्जची खिडकी समोर (कॉम्पोझिशन म्हणजे तिथलं एक दृश्य). ती बंद करून पुन्हा दाबलं, पुन्हा तीच खिडकी.

प्रीमियरसारखा जे-के-एलनं व्हिडिओ मागेपुढे पळेना. इथे जे आणि के एका कीफ्रेमवरून (हालचाल जिथे ठरवून दिलेली असते ती खूण) दुसऱ्या कीफ्रेमवर नेतात आणि एल दाबलं की आवाजाची पातळी उघडते. आय आणि ओनं इन-आउट, म्हणजे हव्या तुकड्याच्या सुरुवात-शेवटाच्या खुणा, लागत नाहीत; लेअरच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या थरांपैकी एकाच्या, सुरुवातीला आणि शेवटाला पोचतो. इतकी वर्षं हात बसलेल्या माणसाला पहिल्या दिवसासारखं चाचपडावं लागणं मनाला फार बोचतं. अनेक चांगले एडिटर नेमके इथेच सोडून देतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण अडचण त्यांच्या अकलेत नसते. दोन वेगळ्या गोष्टींना ‘टाइमलाइन’ हे एकच नाव पडलंय आणि दिसायलाही त्या सारख्या आहेत.

आज दोन्ही सॉफ्टवेअर अडोबी कंपनीची असली तरी त्यांची घडण वेगळ्या हातांनी झाली. प्रीमियर १९९१ साली आलं. आफ्टर इफेक्ट्स १९९३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या ‘कंपनी ऑफ सायन्स अँड आर्ट’ नावाच्या छोट्या कंपनीनं काढलं. त्याच वर्षी ते आल्डस नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेलं आणि १९९४ मध्ये आल्डसच अडोबीत विलीन झाली. बटणं न जुळण्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

आमची सांगली नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच नाटक उभं केलं. त्यामुळे मला हा फरक नाटकावरूनच नीट कळला. प्रीमियरची टाइमलाइन म्हणजे प्रवेशांचा क्रम: आधी कोणता, मग कोणता, किती वेळ. आफ्टर इफेक्ट्सची टाइमलाइन म्हणजे एकाच प्रवेशाचा रंगमंच: मागे पडदा, त्यापुढे महाल, त्यापुढे पात्र, आणि कोणाची हालचाल कुठून कुठे. म्हणून प्रीमियरच्या एका ट्रॅकवर, म्हणजे एका ओळीत, शंभर क्लिपा शेजारी शेजारी बसतात, तर आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रत्येक लेअरला स्वतःची ओळ लागते. तिथे कंट्रोल-शिफ्ट-डीनं लेअर तोडला की दुसरा तुकडा नव्या ओळीवर जातो. तीस तुकडे केले की तीस ओळी. ही खोड वाटते, पण रंगमंचावर प्रत्येक पात्राला उभं राहायला आपली जागा हवीच.

सगळ्यात जास्त गोंधळ घालते ती टाइमलाइनच्या वरची हिरवी रेघ. माझ्याकडे शिकायला येणारा मुलगा परवा घाबरून म्हणाला, “दादा, स्पेस दाबला तर नीट चालतच नाही. मशीन गेलं वाटतं.” मशीन धडधाकट होतं. प्रीमियरमध्ये स्पेस दाबला की व्हिडिओ लगेच धावतो. जड झालं तर मधल्या फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं, गळतात, पण आवाजाची साथ सुटत नाही. आफ्टर इफेक्ट्स आधी प्रत्येक फ्रेम गणित करून तयार करतं, रॅममध्ये ठेवतं आणि मग खऱ्या वेगानं दाखवतं. प्रीमियरमधली हिरवी रेघ सांगते की इथली रेंडर फाइल, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेला व्हिडिओ, डिस्कवर तयार आहे. आफ्टर इफेक्ट्समधली हिरवी रेघ सांगते की या फ्रेम सध्या रॅममध्ये आहेत. डिस्कवरच्या फ्रेमसाठी तिथे निळी रेघ असते. त्या जागी एखादा रंग किंवा आकडा बदललात की हिरवी रेघ पुसली जाते आणि गणित पुन्हा सुरू होतं.

हे गणित केवढं, ते एकदा कागदावर मांडून बघा. १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता मिळून प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले, तर एक फ्रेम जवळपास ८.३ एमबीची होते. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे २०७ एमबी. आमची १५ सेकंदांची जाहिरात झाली ३.१ जीबीची, आणि रंग जास्त बारकाईनं साठवणाऱ्या १६ बिटमध्ये काम केलं तर त्याच्या दुप्पट. १६ जीबी रॅमच्या मशीनवर विंडोज, ब्राउझर आणि प्रीमियर शेजारी उघडं असेल तर दम लागणारच. त्या मुलाला मी दोनच गोष्टी करायला लावल्या. प्रिव्ह्यूचं रिझोल्यूशन ‘हाफ’ केलं, म्हणजे पिक्सेल एक चतुर्थांश उरले. आणि बी व एन दाबून कामाचा पट्टा तीन सेकंदांवर आणला. पुढच्या मिनिटाला त्याचं टायटल नीट धावत होतं.

आता लोगोकडे. लोगोभोवतीचं पिवळं कडं मी शेप टूलनं एका कोपऱ्यात काढलं आणि रोटेशन दिलं. कडं जागेवर फिरायच्या ऐवजी गोफणीतल्या दगडासारखं सगळ्या पडद्याभोवती फिरलं. इथे पोझिशन आणि अँकर पॉइंट यांची गल्लत होते. प्रीमियरमध्येही अँकर पॉइंट आहे, पण कापाकापीच्या कामात त्याला कुणी सहसा हात लावत नाही.

भिंतीवरचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा. भिंतीत खिळा कुठे ठोकलाय, ती पोझिशन. कॅलेंडरला भोक कुठे पाडलंय, तो अँकर पॉइंट. खिळा हलवला की कॅलेंडर त्याच्याबरोबर जातं. खिळा तसाच ठेवून भोक खाली पाडलं, तर कॅलेंडर वर सरकतं. अँकर पॉइंटचा आकडा बदलल्यावर चित्र उलट दिशेला का पळतं, ते हेच. आणि कॅलेंडर झुलतं ते भोकाभोवती. शेप टूलनं काढलेल्या आकाराचं भोक, तुम्ही सेटिंग बदललेलं नसेल तर, कॉम्पोझिशनच्या मध्यावर पडतं, आकार कोपऱ्यात असला तरी. कंट्रोल-ऑल्ट-होम दाबलं की ते आकाराच्या मध्यावर येतं. हातानं हलवायचं असेल तर वाय दाबून टूल घ्या. ते भोक आणि खिळा दोन्ही एकदम सरकवतं, म्हणून चित्र जागचं हलत नाही.

आपल्या भाषेची एक अडचण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये येतच नाही. टायटलचं एकेक अक्षर उमटवायचं ठरवलं की इंग्रजी नाव सुरेख येतं आणि ‘श्री’ फाटतो. आपल्याला तो एक दिसतो, संगणकाला ते श, हलंत, र आणि वेलांटी असे चार तुकडे असतात. ‘विवाह’मधली पहिली वेलांटीही आपण डावीकडे पाहतो, पण साठवलेली असते व नंतर. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ असा पर्याय दिसला तर तो निवडा, आणि अक्षरं हलवणाऱ्या टेक्स्ट अ‍ॅनिमेटरमध्ये ‘बेस्ड ऑन’ला कॅरेक्टर्सऐवजी वर्ड्स ठेवा. पत्रिकेवर वधूवरांची नावं मोडलेली दिसता कामा नयेत.

हळदीच्या जाहिरातीचे सगळे शॉट मी शेवटी प्रीमियरमध्येच कापले, आवाजही तिथेच बसवला. फक्त लोगोची चार सेकंदं ‘रिप्लेस विथ आफ्टर इफेक्ट्स कॉम्पोझिशन’नं पलीकडे पाठवली. तिकडे कड्याचा वेग बदलला की तो इकडे आपोआप दिसत होता. पाठवण्याआधी सिक्वेन्सची, म्हणजे प्रीमियरमधल्या त्या जोडणीची, एक प्रत तेवढी काढून ठेवा, कारण टाइमलाइनवर मूळ क्लिपच्या जागी ते कॉम्पोझिशनच येऊन बसतं.