इंजिन बिघडलेले मालवाहू विमान कुठे उतरवायचे : नियमांची पार्श्वभूमी

पिस्टन इंजिनांच्या काळात हवेत इंजिन बंद पडणे नित्याचे होते, आणि दोन इंजिनांच्या विमानाने विमानतळापासून ६० मिनिटांपेक्षा दूर जाऊ नये, हा १९५३ चा अमेरिकी नियम त्याच अनुभवातून आला. जेट इंजिने अधिक भरवशाची ठरल्यावर ही मर्यादा १९८५ मध्ये १२० मिनिटांवर आणि १९८८ मध्ये १८० मिनिटांवर गेली. मालवाहू विमानांच्या सुरक्षेचे प्रश्न मात्र खऱ्या अर्थाने ऐरणीवर आले ते त्यानंतरच्या काही वर्षांत.

डिसेंबर १९९१ मध्ये तैवानमधील तैपेईजवळ एका चार इंजिनांच्या मालवाहू बोइंग ७४७ चे उजव्या पंखाखालील आतले इंजिन निखळून शेजारच्या इंजिनावर आदळले आणि पाचही कर्मचारी मृत्युमुखी पडले. मार्च १९९२ मध्ये फ्रान्सवरून जाणाऱ्या मालवाहू बोइंग ७०७ ची उजव्या बाजूची दोन्ही इंजिने गळून पडली, पण वैमानिकांनी पेटता पंख घेऊन इस्त्रच्या लष्करी विमानतळावर विमान उतरवले आणि सारे वाचले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ॲमस्टरडॅममध्ये तैपेईचीच घटना पुन्हा घडली. माघारी वळलेले ७४७ रहिवासी इमारतींवर कोसळून ४३ जण मरण पावले, त्यातले ३९ जमिनीवरचे होते. इंजिनावर अतिरिक्त भार आल्यास ते पंखाला इजा न करता सुटावे म्हणून बसवलेल्या फ्यूज पिनांमध्येच तडे गेले होते, आणि कॉकपिटमधून इंजिने दिसत नसल्याने दोन इंजिने नाहीशी झाल्याचे वैमानिकांना कळण्याचा मार्गही नव्हता. त्यानंतर ही जोडणी नव्याने आखली गेली.

वाद आहे तो उतरण्याच्या निर्णयाचा. अमेरिकी नियमानुसार दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन जाताच, वेळेच्या दृष्टीने सर्वांत जवळच्या सुयोग्य विमानतळावर उतरावे लागते. तीन किंवा अधिक इंजिनांच्या विमानाचे एकच इंजिन गेले असेल, तर बिघाडाचे स्वरूप, वजन, उंची, इंधन, हवामान, विमानतळाची ओळख या बाबी तोलून, तितकेच सुरक्षित असल्याची खात्री पटल्यास, मुख्य वैमानिकाला दुसरा विमानतळ निवडता येतो. मात्र त्याची कारणे लेखी द्यावी लागतात. २००५ मध्ये लॉस एंजलिसहून निघालेले एक प्रवासी ७४७ उड्डाणानंतर लगेच एक इंजिन जाऊनही अटलांटिक ओलांडून गेले आणि लंडनऐवजी मँचेस्टरला उतरले, तेव्हा अमेरिकी नियामकाने आक्षेप घेतला आणि ब्रिटिश नियामकाला त्यात नियमभंग दिसला नाही. मालवाहू विमानात हा निर्णय आणखी अवघड असतो, कारण ७४७-८ चे मालवाहू विमान सुमारे ४४७ टन वजन घेऊन उडू शकते, पण उतरण्याची मर्यादा सुमारे ३४६ टन आहे. इंधन सोडत थांबायचे की मर्यादेपेक्षा जड विमान थेट धावपट्टीवर आणायचे, हे काही मिनिटांत ठरवावे लागते. आग लागली असेल तर थांबणे धोक्याचे ठरते.

एवढे असूनही २००७ मध्ये अमेरिकेत विमानतळापासून दूरच्या उड्डाणांचे कडक नियम तीन-चार इंजिनांच्या प्रवासी विमानांना लागू झाले आणि त्याच प्रकारच्या मालवाहू विमानांना वगळण्यात आले. पुढे वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या अमेरिकी नियमांतूनही, खर्चाचा हिशेब पुढे करून, मालवाहतूक बाजूला ठेवली गेली. विमानात बसलेल्यांची संख्या हेच माप धरले, तर ॲमस्टरडॅमच्या इमारतींतील माणसे हिशेबातच येत नाहीत, आणि हा दोष गंभीर आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टहून निघालेल्या मालवाहू ७४७ च्या इंजिनाचे तुकडे वस्तीवर पडून लोक जखमी झाले, आणि विमान बेल्जियममधील लिएजला सुखरूप उतरले. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून उडालेले ७४७-८ इंजिनातून ज्वाळा निघत असताना तिथेच परतले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल येथे तीन इंजिनांच्या मालवाहू एमडी-११ विमानाचे डावे इंजिन आधारासह उड्डाणाच्या क्षणीच सुटले, तेव्हा परतण्याची संधीच मिळाली नाही. तिन्ही वैमानिकांबरोबर जमिनीवरचेही अनेक जण गेले. प्राथमिक तपासात इंजिनाच्या आधाराच्या जोडणीत धातूच्या थकव्याने पडलेले तडे आढळले आणि त्या जातीची विमाने जमिनीवर थांबवण्यात आली.