देवमाशाचे मधले जीवाश्म सापडलेच नाहीत? सापडलेत की!

"जमिनीवरचा प्राणी देवमासा झाला म्हणता, मग मधले जीवाश्म दाखवा" हा फॉरवर्ड अजून फिरतोय. अहो, ते निघालेत आणि बरेचसे आपल्याच शेजारी, पाकिस्तानात. पाकिसेटस घ्या, जवळपास ५ कोटी वर्षांपूर्वीचा, चार पायांचा, खूर असलेला, पण कानाच्या हाडाची आतली कड जाडजूड, जी आजच्या प्राण्यांत फक्त देवमासे-डॉल्फिनच्या कुळात दिसते. जम्मूतल्या कालाकोटचा इंडोहायस तर मांजराएवढा! भूवैज्ञानिक रंगा राव यांनी जमवलेल्या दगडांत तो होता, पुढे साफ करताना चुकून कवटी फुटली न् आत तीच जाड कड दिसली, २००७ला जाहीर झालं. तो थेट पूर्वज नाही हां, चुलत घराण्यातला. आणि देवमाशाचा आज हयात असलेला सगळ्यात जवळचा नातेवाईक? पाणघोडा.