मॉर्मन अंडरग्राउंड

अमेरिकेच्या यूटा प्रदेशात बहुपत्नीत्वाच्या खटल्यांतून सुटण्यासाठी मॉर्मन पंथाचे पुढारी, त्यांच्या बायका आणि साधे अनुयायी जे लपून राहिले, त्याला तिथले लोक ‘अंडरग्राउंड’ म्हणत. ज्या घरांच्या, आडवाटांच्या आणि निरोप्यांच्या आधाराने हे लपणे निभावले, त्या सगळ्या जाळ्यालाही तेच नाव होते. धरपकडीचा ऐन भर १८८५ ते १८९० या वर्षांत होता. त्यातली पहिली अडीच वर्षे तर चर्चचे खुद्द अध्यक्ष जॉन टेलर एकदाही लोकांसमोर आले नाहीत. तरी चर्चचा कारभार थांबला नाही. तो रात्रीच्या अंधारात, टपाली पत्रांवर नव्हे तर विश्वासू माणसांच्या हातून जाणाऱ्या चिठ्ठ्यांवर चालला.

या पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात केली. एकापेक्षा अधिक स्त्रियांशी विवाह करण्याविषयीचा ईश्वरी संदेश त्यांनी १८४३ मध्ये लिहवून घेतला. पुढच्याच वर्षी इलिनॉयमधील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्यांना ठार मारले. त्या कोठडीत टेलरही होते. अंगात गोळ्या घुसूनही ते वाचले. १८४७ मध्ये ब्रिगम यंग यांच्या मागोमाग हे लोक सॉल्ट लेकच्या उजाड खोऱ्यात येऊन वसले आणि १८५२ मध्ये त्यांनी बहुपत्नीत्व उघडपणे जाहीर केले. बहुतेक मॉर्मन पुरुषांची बायको एकच असे. पण वरच्या पदावरच्या माणसांत ही प्रथा रुळलेली होती, आणि त्यांच्या लेखी तो शौक नव्हता, परलोकापर्यंत जाणारा करार होता. हे ध्यानात न घेता पुढचा हट्ट समजत नाही.

बहुपत्नीत्वाविरुद्धचा पहिला संघीय कायदा १८६२ चा. तो बराच काळ कागदावरच राहिला, कारण विवाह बंद दाराआड होत, नोंदी बाहेर येत नसत आणि साक्षीदार तोंड उघडत नसत. ब्रिगम यंग यांचे चिटणीस जॉर्ज रेनॉल्ड्स यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७९ मध्ये निकाल लागला: श्रद्धा मोकळी, पण श्रद्धेच्या नावावर केलेले कृत्य कायद्याच्या कक्षेत. सरन्यायाधीश वेट यांनी दाखल्यासाठी नरबळी आणि पतीच्या चितेवर जळणारी पत्नी ही उदाहरणे घेतली, म्हणजे सतीची प्रथा या निकालात शिरली. उलट दिशेचा धागा मुंबईत सापडतो. हिंदूंना द्विभार्या विवाहाची बंदी करणारा मुंबई प्रांताचा १९४६ चा कायदा नरसू अप्पा माळी खटल्यात तपासला गेला, तेव्हा १९५१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी आयडाहोतील मॉर्मनांविषयीच्या डेव्हिस विरुद्ध बीसन या अमेरिकी निकालाचा आधार घेतला.

खरा फास आवळला तो मार्च १८८२ च्या एडमंड्स कायद्याने. लग्न सिद्ध करण्याची कटकटच त्याने काढून टाकली आणि ‘बेकायदा सहवास’ हा नवा गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ३०० डॉलरपर्यंत दंड. सहवास म्हणजे काय, हे १८८५ मध्ये अँगस कॅनन या मॉर्मन पुढाऱ्याच्या खटल्यात ठरले. त्यांच्या दोन बायका एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत राहत आणि ते पाळीपाळीने दोघींकडे जेवत. कायदा आल्यापासून शरीरसंबंध सोडला आहे, दुसरे घर घ्यायची ऐपत नाही म्हणून एकत्र राहतो, एवढे सिद्ध करू द्या असे ते म्हणत होते. न्यायालयाने तो पुरावा ऐकूनच घेतला नाही. एका ताटावर बसणे पुरेसे ठरले. मग सरकारी वकिलांनी एकाच सहवासाचे वर्षावर्षांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला वेगळी शिक्षा मागायला सुरुवात केली. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी प्रेषित (चर्चच्या वरिष्ठ मंडळाचे सदस्य) लोरेन्झो स्नो यांना ब्रिगम सिटीतील त्यांच्याच घराच्या जमिनीखालच्या लपणातून बाहेर काढले आणि तीन तुकड्यांच्या तीन शिक्षा दिल्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १८८७ मध्ये ही युक्ती मोडीत काढली. तोवर स्नो यांनी अकरा महिने भोगले होते.

१ फेब्रुवारी १८८५ रोजी टेलर यांनी सॉल्ट लेकच्या टॅबरनॅकल या चर्चच्या सभागृहात शेवटचे जाहीर भाषण केले आणि ते दिसेनासे झाले. वय ७६. सॉल्ट लेक आणि डेव्हिस काउंटीतली घरे ते एकामागून एक बदलत राहिले. कुणाची चाहूल लागली की रातोरात बिऱ्हाड हलायचे. बरोबर अंगरक्षक आणि चिटणीस असत. नोव्हेंबर १८८६ पासून ते केझव्हिलमधील एका अनुयायाच्या शेतघरी होते. आवारात खुंटीवर लोखंडी कडी फेकण्याचा खेळ चाले आणि म्हातारे अध्यक्षही त्यात उतरत. फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांची पत्नी सोफिया वारली. नवऱ्याला तिच्यापाशी जाता आले नाही. त्याच्या थोडे आधी टेलर यांच्या अटकेसाठी ३०० आणि त्यांचे सल्लागार जॉर्ज क्यू. कॅनन यांच्यासाठी ५०० डॉलरच्या बक्षिसाची पत्रके निघाली होती. चर्चची अधिवेशने राजधानी सोडून लोगन, प्रोव्हो, कोलव्हिल अशा गावी भरत, आणि अध्यक्षांचे लांबलचक पत्र तिथे वाचून दाखवले जाई. २५ जुलै १८८७ रोजी टेलर त्याच शेतघरात वारले.

जॉर्ज कॅनन यांना फेब्रुवारी १८८६ मध्ये नेव्हाडात आगगाडीत पकडले. परत आणताना ते धावत्या गाडीतून खाली पडले आणि चेहरा सोलवटून निघाला. पंचेचाळीस हजार डॉलरचा जामीन त्यांनी जप्त होऊ दिला आणि पुन्हा गायब झाले. १८८८ मध्ये ते आपणहून हजर झाले आणि सुमारे पाच महिने तुरुंगात राहिले. दुसरे सल्लागार जोसेफ एफ. स्मिथ हवाई बेटांवरच्या लाइए गावी निघून गेले होते.

सर्वांत जवळून दिसतात ते प्रेषित विल्फर्ड वुड्रफ, रोजनिशी न चुकता लिहिणारे म्हणून. दक्षिणेत सेंट जॉर्जजवळ अ‍ॅटकिनव्हिल नावाच्या एका कुटुंबाच्या वस्तीवर ते ‘लुईस अ‍ॅलन’ या नावाने राहत. घरच्या बाईने त्यांच्यासाठी चिटाचा घोळदार झगा आणि कपाळ झाकणारी बायकी टोपी शिवून दिली होती. ऐंशीच्या घरातला हा प्रेषित तो वेश घालून घरच्या पोरांबरोबर तळ्यावर मासे धरायला जाई आणि धोका वाटला की होडी लव्हाळ्यात शिरे.

पुढाऱ्यांना निदान पहारेकरी होते. सामान्य घरांत जे झाले ते अधिक जड होते, आणि त्याचा बहुतेक भार बायकांनी वाहिला. नवरा रात्री चोरून यायचा, पहाटेआधी जायचा. दुसऱ्या-तिसऱ्या बायकोचे वाढते पोट हाच पुरावा, म्हणून तिने परक्या गावात, परक्या नावाने बाळंत व्हायचे. मुलांना शिकवलेले असे: बापाचे नाव विचारले तर सांगायचे, ठाऊक नाही. डेप्युटी मार्शल, म्हणजे संघीय सरकारचे पोलीस अधिकारी, फेरीवाल्याच्या वेशात फिरत, शेजाऱ्यांना पैसे देऊन फितवत, मध्यरात्री घरात शिरत. बेल हॅरिस हिने १८८३ मध्ये ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) नवऱ्याविषयी उत्तर द्यायला नकार दिला आणि अंगावरच्या बाळासह तीन महिन्यांहून अधिक काळ सॉल्ट लेकच्या तुरुंगात काढला. डॉक्टर मार्था ह्यूज कॅनन या वर उल्लेखिलेल्या अँगस यांची चौथी बायको. तिने कितीतरी बाळंतपणे केली होती, म्हणजे साक्षीला उभी राहिली तर कितीतरी घरांतले पुरुष आत गेले असते. लहान मुलगी घेऊन ती १८८६ मध्ये युरोपला निघून गेली. बहुपत्नीत्वातून स्त्रियांना सोडवायचे असे सांगत आलेल्या सरकारने १८८७ च्या कायद्याने यूटातील स्त्रियांचा १८७० पासूनचा मतदानाचा हक्कच काढून घेतला. हा त्या मोहिमेवरचा डाग आहे. पुढे १८९६ मध्ये हीच मार्था यूटाच्या सिनेटवर निवडून आली. अमेरिकेतली पहिली स्त्री राज्य-सिनेटर. निवडणुकीत पडलेल्या उमेदवारांत तिचा नवराही होता.

डिसेंबर १८८६ मध्ये पॅरोवन गावी एडवर्ड डाल्टन याला डेप्युटीने गोळी घालून मारले. आरोपी निर्दोष सुटला. अनेक कुटुंबे मेक्सिकोतल्या कोलोनिया हुआरेझ, कोलोनिया दियाझ या वसाहतींत आणि १८८७ पासून कॅनडातल्या कार्डस्टनला गेली. सगळ्या मिळून तेराशेच्या आसपास पुरुषांनी तुरुंग पाहिला.

१८८७ च्याच एडमंड्स-टकर कायद्याने चर्चची कायदेशीर संस्था बरखास्त करून ५० हजार डॉलरवरची मालमत्ता सरकारजमा करायचे ठरवले, आणि मे १८९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. आता मंदिरेही हातची जाणार होती. लव्हाळ्यात लपलेले वुड्रफ तोवर अध्यक्ष झाले होते. सप्टेंबर १८९० मध्ये त्यांनी जाहीरनामा काढला: देशाच्या कायद्याने मना केलेला विवाह यापुढे नाही. १८९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी माफी दिली, १८९६ मध्ये यूटाला राज्याचा दर्जा मिळाला. गुपचूप विवाह त्यानंतरही काही काळ होत राहिले. १९०४ मध्ये दुसरा जाहीरनामा काढणारे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांना स्वतःच १९०६ मध्ये सहवासापोटी ३०० डॉलर दंड झाला.

भूमिगत काळातला एक कागद मात्र अजून वादात आहे. सप्टेंबर १८८६ मध्ये टेलर सेंटरव्हिलच्या जॉन वूली यांच्या घरी लपले असताना त्यांनी लिहिलेला हा संदेश. करार कधी रद्द होणार नाही असा त्याचा आशय. चर्चने पुढे एकपत्नीत्व सक्तीचे केले. न मानणारे गट बाहेर पडले, आणि त्या रात्री त्या घरात टेलर यांनी काही जणांवर ही प्रथा चालू ठेवण्याची जबाबदारी सोपवली, असे ते आजही सांगतात. सांगणाऱ्यांत पहिला होता लोरिन वूली, त्या घराचा मुलगा, त्या रात्री पहाऱ्यावर असल्याचे सांगणारा.