आस्तिक-नास्तिक आचारभेद (बडोद्यातील मराठी समाज)

देव आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तर आस्तिक आणि नास्तिक माणसे रोजच्या जगण्यात कोठे वेगळी पडतात, याचा अभ्यास समाजशास्त्रात आणि मानसशास्त्रात गेली काही दशके चालू आहे. त्यातला बहुतेक भाग अमेरिका-युरोपातल्या ख्रिस्ती समाजांवर बेतलेला आहे. तिथे धर्म आधी श्रद्धेच्या कबुलीने ओळखला जातो, आपल्याकडे आचाराने. त्यामुळे तिकडचे निष्कर्ष भारतात, त्यातही अठराव्या शतकापासून गुजरातेत स्थायिक झालेल्या बडोद्याच्या मराठी समाजात, पारखूनच घ्यावे लागतात. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या जुन्या वस्त्यांतून पाहिले तर दोघांच्या नीतीत फारसा फरक सापडत नाही. सापडतो तो सोबतीत, सणवाराच्या हिशेबात आणि घरात मृत्यू झाल्यानंतरच्या तेरा दिवसांत.

पार्श्वभूमी

ईश्वर न मानणे आणि धर्म न पाळणे या भारतीय परंपरेत दोन निराळ्या गोष्टी आहेत. वैदिक विधींचा विचार करणाऱ्या पूर्वमीमांसा दर्शनाला यज्ञ हवा, पण जगाचा कर्ता ईश्वर नको. अभिजात सांख्य दर्शन निरीश्वरवादी आहे. ईश्वर आणि धर्माचार दोन्ही झिडकारणारे चार्वाक एकटेच. जैन धर्मही सृष्टिकर्ता मानत नाही. मात्र बडोद्यात पर्युषणाच्या दिवसांत शेजारच्या जैन घरातले कडक उपास पाहिले, की साबुदाण्याच्या खिचडीवर एकादशी काढणारा मराठी आस्तिक अगदीच चैनीत असल्यासारखा वाटतो.

बडोदे संस्थानात धर्मसुधारणेचा रेटा नास्तिकांनी आणला नाही. तिसरे सयाजीराव गायकवाड (कारकीर्द १८७५–१९३९) यांनी १८९६ मध्ये राजवाड्यातले विधी वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांच्या, पद्धतीने करण्याचा आग्रह धरला. १९१५ मध्ये पुरोहितांच्या पात्रतेचा कायदा केला, १९३१ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा हक्क दिला आणि १९३३ मध्ये अज्ञान मुलांना संन्यासदीक्षा देण्यावर बंदी घातली. विधी करणाऱ्याला तो विधी कळला पाहिजे असे म्हणणारा हा राजा देव नाकारत नव्हता. सामाजिक प्रश्नांवर सुधारक आस्तिक हा सनातनी आस्तिकापेक्षा नास्तिकाला जवळचा असतो, हे बडोद्याने असे लवकर पाहिले.

याच संस्थानात १८९३ ते १९०६ या काळात नोकरी केलेल्या अरविंद घोषांनी १९०९ च्या उत्तरपाडा येथील भाषणात सांगितले, की बडोद्यात ईश्वराकडे प्रथम वळताना आपल्यात अज्ञेयवादीही होता आणि नास्तिकही. देव आहे याची पुरती खात्री नव्हती. १९०८ च्या जानेवारीत ते विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर बडोद्यातच साधनेला बसले. श्रद्धा आधी आणि आचार मागाहून, हा पाश्चात्त्य अभ्यासकांनी गृहीत धरलेला क्रम इथे उलटा पडलेला दिसतो.

नीती आणि विश्वास

‘देवाला भीत नाही तो कशालाच भिणार नाही’ हा समज जुना आणि जगभर पसरलेला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेरा देशांतल्या एका अभ्यासात असे आढळले, की क्रूर कृत्य करणारा माणूस नास्तिक असावा अशी अटकळ लोक सहज बांधतात, आणि स्वतः नास्तिक असलेलेही तिला अपवाद नाहीत. प्रत्यक्षातले चित्र वेगळे आहे. अमेरिका आणि स्वीडन येथील २०२१ च्या एका अभ्यासानुसार दुसऱ्याला इजा न करणे, न्यायाने वागणे आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांना दोन्ही गट सारखेच महत्त्व देतात. नास्तिक मागे राहतात ते आपल्या गटाशी निष्ठा, वडीलधाऱ्यांचा मान आणि पावित्र्य यांच्या बाबतीत. शिवाय एखादी कृती बरी की वाईट हे ते तिच्या परिणामांवरून जास्त ठरवतात.

उलट बाजूचा उतावळेपणाही नोंदवायला हवा. धार्मिक घरांतली मुले कमी उदार असतात, असा २०१५ चा एक गाजलेला निष्कर्ष होता. नास्तिकांनी तो आनंदाने मिरवला. पुढे आकडेमोडीत देशांच्या नोंदी चुकीच्या हाताळल्याचे उघड झाले आणि २०१९ मध्ये तो शोधनिबंध मागे घेण्यात आला.

बडोद्यात नास्तिक म्हणून कोणी अविश्वास दाखवल्याचे सहसा ऐकू येत नाही. घर भाड्याने देणारा ‘नॉनव्हेज खाता का?’ असे विचारतो, देव मानता का असे नाही. खटका उडतो तो पावित्र्य आणि मान या दोन ठिकाणी. पाहुण्यांदेखत नमस्काराला न वाकणारा मुलगा, देवघराजवळ चपला घालून गेलेली सून, पत्रिका जुळवायला नकार देणारे वधूवर. शेवटच्या प्रसंगी थोरली मंडळी वाद घालत बसत नाहीत. गुपचूप पत्रिका पाहून घेतात आणि छत्तीसपैकी गुण बरे निघाले की सगळेच पुरोगामी होतात.

सण, सोबत आणि मराठी

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. आस्तिक माणसे आयुष्याबाबत जास्त समाधानी असतात, असे अमेरिकेतल्या पाहण्यांत वारंवार दिसते. लिम आणि पटनम या अभ्यासकांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की या समाधानाचा उगम मुख्यतः चर्चमध्ये जुळलेल्या मैत्रीत आहे. नियमित जाणारा, पण तिथे कोणी मित्र नसलेला माणूस न जाणाऱ्यापेक्षा फारसा सुखी नसतो.

बडोद्यात या निष्कर्षाला आणखी एक पदर आहे. शाळेत, बाजारात, कचेरीत गुजराती. चार मराठी घरे एकत्र येऊन मोकळेपणी मराठी बोलतात अशा जागा मोजक्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा देवाच्या निमित्ताने चालतात. गुरुवारची दत्ताची आरती, भजनी मंडळ, चैत्रातले हळदीकुंकू, विठ्ठल मंदिरातले कीर्तन. नर्मदाकाठच्या नारेश्वरला रंग अवधूत महाराजांच्या आश्रमात आणि गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला (१९१४) जाणाऱ्या गाड्यांत दर्शनाइतक्याच गप्पाही होतात. नास्तिकाने देव सोडला तर त्याच्यामागोमाग हे सगळे सुटू लागते. त्याच्यासाठी गुरुवार हा फक्त गुरुवार उरतो. वाचनालय, नाटकाची तालीम, विद्यापीठातल्या ओळखी असे पर्याय आहेत, पण तिथे दर आठवड्याला ठरल्या वेळी जायचे बंधन नसते, आणि बंधन नसले की जाणे होत नाही.

म्हणून गणपतीत एक ओळखीचे दृश्य दिसते. घरच्या आरतीला मागच्या रांगेत उभा असलेला पन्नाशीचा माणूस हात जोडत नाही. झांजा मात्र त्याच्याच हातात असतात, कारण त्याच्याइतका ठेका धरणारा घरात दुसरा कोणी नाही. ‘घालीन लोटांगण’ला सगळे स्वतःभोवती फिरतात तेव्हा तो जागचा हलत नाही. मंत्रपुष्पांजली त्याला अथपासून इतिपर्यंत पाठ आहे आणि एखादा भाचा चुकला तर तो चूक काढतो. या माणसाला दांभिक ठरवणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. लहानपणी कानावर पडलेली सर्वांत लांब मराठी आणि संस्कृत त्याला इथेच भेटते. नवरात्रात त्याची मुलगी गरब्याला जाते तेव्हा तिच्या श्रद्धेची चौकशी कोणी करत नाही. बापाला मात्र दरवर्षी ‘मग आरतीला कसा काय?’ हा टोमणा ठरलेला.

स्त्री आणि पुरुष यांचे नास्तिकपण सारख्या किमतीचे नसते. पुरुषाने देव मानणे सोडले तरी घरचे कुलधर्म-कुलाचार बायको आणि आई चालवत राहतात. नैवेद्याचे पान त्यालाही वाढले जाते. उकडीच्या मोदकांवर त्याचा आक्षेप नसतो. बाईने देव सोडला तर पुरण कोणी वाटायचे, सवाष्ण म्हणून कोणी जायचे, नव्या सुनेला कुळाचार कोण शिकवणार, असे प्रश्न लगेच उभे राहतात. तिची मैत्रीही बरीचशी हळदीकुंकवाच्या वाटेने आलेली असते. स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्यांत पुरुष जास्त असतात, असे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसते. त्याची कारणे शोधताना स्वयंपाकघराचा विचार क्वचितच होतो.

सोबत हीच खरी बाब आहे, याचा दाखला मराठी बौद्ध समाजात मिळतो. अमेरिकेतील प्यू संस्थेच्या २०१९-२० मधील पाहणीत ९७ टक्के भारतीयांनी देव मानत असल्याचे सांगितले, तर बौद्धांपैकी सुमारे एक तृतीयांशांनी मानत नसल्याचे. १९५६ च्या धर्मांतरातील बावीस प्रतिज्ञांत हिंदू देवतांना नकार आहे, पण तो एकट्याचा नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळू दिली गेली नाही. कमाटीबागेतल्या ज्या झाडाखाली ते त्यानंतर बसले, ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि २३ सप्टेंबरला तिथे लोक जमतात. वंदना आहे, जयंती आहे, एकत्र जेवण आहे. दांडिया बाजारातल्या एकट्या नास्तिकाला जी उणीव जाणवते ती इथे जाणवत नाही.

आजारपण आणि मृत्यू

आजारपणात दोघे एकाच डॉक्टरकडे जातात. आस्तिक नवस बोलतो म्हणून ऑपरेशन लांबवतो असे बडोद्यात क्वचितच घडते. फरक दवाखान्याच्या बाकावर पडतो. आस्तिकाच्या हाताला काम असते: जप, पोथीचा अध्याय, गरुडेश्वरचा अंगारा. नास्तिक मोबाइल उघडून रिपोर्टमधले आकडे पुन्हा पुन्हा शोधत बसतो. मात्र देव न मानणारा प्रत्येक जण बाकीच्या अद्भुतापासूनही मुक्त असतो असे नाही. ब्राझील, चीन, डेन्मार्क, जपान, ब्रिटन आणि अमेरिका या सहा देशांतल्या २०१९ च्या अहवालात अनेक अश्रद्ध लोक दैव, कर्म किंवा अशाच एखाद्या शक्तीवर विश्वास ठेवणारे निघाले. पितृपक्षात नवी गाडी घरी न आणणारा नास्तिक बडोद्यातही भेटतो. ‘आईला बरं वाटत नाही’ एवढेच कारण तो देतो, आणि ते खोटेही नसते.

खरी कसोटी दहाव्या दिवशी लागते. बडोद्याची पुष्कळ मंडळी अस्थी आणि श्राद्धकर्मासाठी नर्मदा-ओरसंग संगमावरच्या चांदोदला जातात. पिंड मांडून होतात, माणसे चार पावले मागे सरकतात. कावळा भिंतीवर येऊन बसतो, मान तिरकी करून बघतो, खाली उतरत नाही. मग घरातले एकेक जण पुढे होऊन मोठ्याने सांगू लागतात: ‘धाकटीचं शिक्षण आम्ही पुरं करू’, ‘आईला अंतर देणार नाही’. कावळा तसाच. शेवटी आत्या नास्तिक मुलाकडे वळते, ‘बाबा रे, तू एकदा बोल. तुझ्यातच जीव होता त्यांचा.’ काही जण बोलतात, काही गप्प राहतात. ऊन चढल्यावर गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेतात. न बोललेल्या मुलाचा त्या घरात पुढे कित्येक वर्षे उल्लेख होतो. मृत्यूनंतर आत्मा उरतो की नाही यावर त्याचे मत काय, हे मात्र कोणाला आठवत नसते.

पर्याय म्हणून नास्तिक देहदानाचा अर्ज भरून ठेवतात, दिवस न करता वाचनालयाला किंवा शाळेला देणगी देतात. पण अर्ज भरलेला असला तरी प्रत्यक्षात देह वैद्यकीय महाविद्यालयाकडे सोपवतात ते घरचे लोकच. त्यांनी मनावर घेतले नाही तर कागद कपाटात राहतो. नास्तिकाचा शेवटचा निर्णय असा बहुधा आस्तिक नातेवाइकांच्या हातात असतो, आणि ते तो पुष्कळदा इमानाने पाळतात.

नास्तिक कसे घडतात

चिकित्सक विचाराला चालना दिली की श्रद्धा उणावते, असे २०१२ च्या एका प्रयोगाने सुचवले होते; पुढे तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. अमेरिकेतल्या २०२१ च्या एका पाहणीत सर्वांत ठळक ठरलेली बाब वेगळीच होती: लहानपणी मोठ्यांना श्रद्धेपायी स्वतः झीज सोसताना मुलाने पाहिले की नाही. बडोद्यातल्या तीन पिढ्यांची रीत याच्याशी जुळते. आजोबांची संध्या चुकत नसे. वडील जानवे श्रावणीला बदलत. नातवाला आता ते कोणत्या खांद्यावर असते हेही सांगता येत नाही. त्याने आगरकर वाचलेले नसतात. देवाशी त्याचे भांडणही झालेले नसते.

गणना आणि कायदा

२०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात सुमारे ३३ हजार लोकांनी आपली नोंद नास्तिक म्हणून करवून घेतली. त्यांतले साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले होते. धर्म न सांगणारे सुमारे २९ लाख. नरेंद्र दाभोलकर यांच्या २०१३ मधील हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि गुजरातने तसा कायदा २०२४ मध्ये केला. दोन्ही अघोरी कृत्यांविरुद्ध आहेत, श्रद्धेविरुद्ध नाहीत. हिंदू घरात जन्मलेला नास्तिक कायद्याच्या लेखी हिंदूच राहतो: १९५५ चा हिंदू विवाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्याबरोबरच मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नसलेल्या इतरांनाही सामान्यतः लागू होतो. विधी टाळू पाहणारी जोडपी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदणी विवाह करतात. दोघेही हिंदू असतील तर वारसा हक्कासाठी त्यांना १९७६ च्या दुरुस्तीनंतर हिंदू उत्तराधिकार कायदाच लागतो.