ट्यूबिंग मागवताना विहिरीचा अहवाल सोबत का हवा?

ट्यूबिंग म्हणजे तेलविहिरीतून तेल वर आणणारा पाइप. त्याची चौकशी येते ती बहुतेक वेळा व्यास, ग्रेड (पोलादाच्या मजबुतीचा दर्जा) आणि लांबीची. तेवढ्यावर आम्ही पाइप पाठवू शकतो, पण तो किती टिकेल ते विहिरीतल्या वायूवर आणि पाण्यावर ठरतं.

नुसत्या तेलाने पोलाद सहसा गंजत नाही. सुरुवातीला पाणी थोडं असतं, तेलात थेंबाथेंबाने विखुरलेलं, आणि पाइपच्या आतल्या भिंतीवर तेलाचा ओलावा टिकून राहतो. पुढे पाणी वाढतं आणि थेट भिंतीला लागतं. त्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं कार्बोनिक आम्ल होऊन लोखंड खाऊ लागतं. म्हणून ‘आजवर काही झालं नाही’ यावर विसंबू नका.

हिशेब सोपा आहे. विहिरीत दाब २०० बार आणि वायूत कार्बन डायऑक्साइड २ टक्के असेल, तर त्याचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, ४ बार. ढोबळमानाने २ बारच्या वर गंज लागणार असं धरूनच चालावं. अर्ध्या बारखाली धोका कमी.

भिंत सगळीकडे सारखी झिजली असती तर काळजी कमी होती. गंज खड्डे पाडतो. २⅞ इंची, फुटाला ६.५ पौंडी पाइपची भिंत जेमतेम ५.५ मिलिमीटर. खड्डा वर्षाला २ मिलिमीटर खोल गेला, तर तीन वर्षं भरायच्या आत भोक पडतं, आणि शेजारची भिंत नव्यासारखीच असते. त्यामुळे कूपनच्या (गंज मोजायला ठेवलेल्या पोलादाच्या नमुना-पट्टीच्या) घटलेल्या वजनावर समाधान मानू नका, कॅलिपर (पाइपच्या आतून खड्डे मोजणारं उपकरण) फिरवा.

हायड्रोजन सल्फाइड असेल तर गोष्टच वेगळी. त्याचा आंशिक दाब ०.३ किलोपास्कल झाला, की आयएसओ १५१५६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पोलाद निवडावं लागतं. हायड्रोजन पोलादात शिरतो आणि पी-११० या ग्रेडसारखा कणखर पाइप अचानक तडकू शकतो. हा धोका खालच्या गरम भागापेक्षा वरच्या थंड भागात जास्त असतो. इथे ‘जास्त मजबूत ग्रेड द्या’ ही मागणी आम्ही मान्य करत नाही.

कार्बन डायऑक्साइडसाठी १३ टक्के क्रोमियमचं पोलाद उत्तम, पण विहिरीत ॲसिड सोडायचं असेल तर आधी सांगा. योग्य इनहिबिटरशिवाय (गंज रोखणाऱ्या रसायनाशिवाय) ते ॲसिडमध्ये झपाट्याने खराब होतं.

जुना पाइप वर काढलात, तर भोकाजवळचा तुकडा न घासता, कोरडा करून पाठवा. आतला थर आम्हाला जसाच्या तसा पाहायचा असतो.